उष्ण प्रदेशाचं उत्सर्जन मोजायचं कसं आणि न्यूट्रल झालो असं कधी म्हणायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे: उष्णकटिबंधातला एक प्रांत, त्यात भरपूर जंगल, किनाऱ्याकडे दलदल, भातशेती, गुरं, एक मध्यम शहर आणि एक धरण. ह्या सगळ्याचं हरितगृह वायूंचं उत्सर्जन मोजायचंय आणि पुढे क्लायमेट न्यूट्रल व्हायचंय, म्हणजे जेवढं सोडतो तेवढंच शोषलं जायला हवं, तर सुरुवात कुठून करायची, आकडा किती अचूक लागतो, आणि एवढं जंगल असताना आपण आधीच न्यूट्रल नाही का. मी ह्या इन्व्हेंटरीच्या, म्हणजे उत्सर्जनाचा हिशोब मांडायच्या, कामात वीसेक वर्षं आहे आणि जवळजवळ प्रत्येक ठिकाणी हा शेवटचा प्रश्न पहिल्या मीटिंगलाच येतो, म्हणून त्याचं उत्तर आधी देतो.

नाही, जंगल उभं आहे म्हणून आपोआप न्यूट्रल होत नाही. उभ्या जंगलातला कार्बन ही साठवलेली ठेव आहे, आणि न्यूट्रल होण्याचा हिशोब ह्या वर्षीच्या जमाखर्चावर चालतो. बँकेत मोठी ठेव आहे म्हणून ह्या महिन्याचा पगार झाला असं कुणी म्हणत नाही ना, तसंच. जुनं जंगल वर्षाला अगदी थोडाच कार्बन नव्याने घेतं, काही वर्षी घेतच नाही, उलट सोडतं. पण त्याची एक बाजू तोडली तर शेकडो वर्षांची ठेव दोन-तीन वर्षांत हवेत जाते. म्हणून तुमच्या प्रांताचा सगळा खेळ ती ठेव फुटतेय का आणि किती वेगाने फुटतेय ह्यावर आहे, आणि मोजण्याची सगळ्यात जास्त मेहनतही तिथेच घालायला हवी.

आता ह्यातलाच एक बारकावा, जो भल्याभल्यांना अडकवतो. आयपीसीसीच्या, म्हणजे हवामान बदलावरच्या आंतरराष्ट्रीय शास्त्रज्ञ मंडळाच्या, पद्धतीत जमिनीवरचं कुठलं उत्सर्जन माणसामुळे आणि कुठलं निसर्गामुळे हे वेगळं काढणं जवळपास अशक्य म्हणून एक सोपी वाट काढलीय, ज्या जमिनीचं माणूस व्यवस्थापन करतो ती मॅनेज्ड लॅन्ड आणि तिच्यावरचं सगळं उत्सर्जन, सगळं शोषण माणसाच्या खात्यात. मग होतं काय, की एखादा प्रांत कागदावर सगळंच जंगल मॅनेज्ड दाखवतो, कारण तिथे वन विभागाची चौकी आहे किंवा ते अभयारण्य आहे, आणि हवेत वाढलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे जी थोडीशी नैसर्गिक वाढ सगळीकडेच होतेय ती स्वतःच्या नावावर जमा करतो. जगभरच्या देशांच्या इन्व्हेंटरींची बेरीज आणि शास्त्रज्ञांच्या मॉडेल्सचा आकडा ह्यांच्यात वर्षाला अब्जावधी टनांचा फरक दिसतो, त्याचं मोठं कारण हेच आहे. नियमात बसतं, पण त्यावर न्यूट्रलचा दावा उभा केला तर तो पोकळ असतो. सुरीनामसारख्या देशाची ९० टक्क्यांहून जास्त जमीन जंगलाखाली आहे, तिथे निव्वळ आकडा ऋण येणं ही भूगोलाची देणगी आहे. ती देणगी जपणं हे मोठं काम आहेच, पण तेवढ्यावर पेट्रोल-डिझेलचा हिशोब मिटला असं होत नाही.

म्हणून माझा पहिला आग्रह, आणि ह्यावर मी कुठेही माघार घेत नाही: निव्वळ आकडा एकटा कधीच छापायचा नाही. तीन रकाने ठेवायचे. एकात इंधन, उद्योग, शेती, कचरा ह्यांचं उत्सर्जन, दुसऱ्यात जंगलतोड, दलदल, आगी ह्यांचं उत्सर्जन, तिसऱ्यात शोषण. बेरीज-वजाबाकी वाचणारा स्वतः करेल. एकदा का ते एका आकड्यात मिसळले की कुठला भाग चुकलाय हे नंतर कुणालाच सापडत नाही.

आता सुरुवात. पहिलं काम हद्द ठरवणं. प्रांताच्या, जिल्ह्याच्या, शहराच्या पातळीसाठी जीपीसी नावाचा प्रोटोकॉल २०१४ पासून आहे, त्यात स्कोप एक म्हणजे हद्दीच्या आत जळलेलं, कुजलेलं, तुटलेलं सगळं, स्कोप दोन म्हणजे बाहेरून ग्रिडवर आलेली वीज, स्कोप तीन म्हणजे तुमच्यामुळे बाहेर झालेलं, जसं की तुमचा कचरा शेजारच्या प्रांतात जाऊन कुजला ते. वायूंचे, सेक्टरचे, फॅक्टरचे (म्हणजे एका एककामागे किती उत्सर्जन धरायचं त्या आकड्यांचे) मूळ नियम आयपीसीसीच्या २००६ च्या गाइडलाइन्सचे, त्यांची २०१९ ची सुधारणा आणि पाणथळ जमिनींसाठी २०१३ ची पुरवणी. ही तिन्ही सोबत ठेवा, आणि उष्ण प्रदेशात काम करताना ती २०१३ ची पुरवणी विसरलात तर निम्मी गोष्ट सुटली असं समजा, पुढे सांगतो का ते.

हद्दीचं एक उदाहरण देतो. एका सीमेलगतच्या प्रांतात आम्ही पंपांवरच्या विक्रीवरून डिझेलचं उत्सर्जन काढलं, आकडा माणशी इतका मोठा आला की कुणाचा विश्वास बसेना. दोन महिने आम्ही गाड्यांची संख्या, मायलेज सगळं उलटंपालटं केलं आणि मग एका पंपावर दिवसभर बसून नंबर प्लेटा लिहून घेतल्या तेव्हा कळलं, की पलीकडे डिझेल महाग असल्याने तिकडचे ट्रक इकडे टाकी फुल करून जात होते. आता ते उत्सर्जन कुणाचं? देशाच्या इन्व्हेंटरीत विक्रीप्रमाणे धरतात, तो नियमच आहे, पण प्रांताने स्वतःचा प्लॅन करायचा तर प्रत्यक्ष वापराचा आकडाही शेजारी ठेवावा लागतो, नाहीतर तुम्ही बसगाड्यांवर कितीही खर्च केलात तरी आकडा हलणार नाही. उलटही घडतं. हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर कोळशावरची वीजकेंद्रं लाकडाच्या पेलेट्सवर वळवली आणि त्या पेलेट्स मोठ्या प्रमाणात जहाजाने बाहेरून येतात. नियमानुसार लाकूड जाळल्याचा कार्बन डायऑक्साइड वीज सेक्टरमध्ये शून्य धरतात, कारण तो जिथे झाड तुटलं तिथल्या जमिनीच्या खात्यात मोजलेला असतो. म्हणजे बेटाच्या हिशोबात तो गायब, आणि तिकडच्या देशाने नीट मोजला तरच तो जगाच्या हिशोबात आहे. चूक कुणाचीच नाही, पण असा बदल तुमच्याकडे होणार असेल तर ही ओळ रिपोर्टमध्ये ठळक लिहा.

हद्द ठरली की पहिल्या महिन्यात एक कच्चा हिशोब पूर्ण करून टाका, सगळे फॅक्टर आयपीसीसीचे डिफॉल्ट म्हणजे तयार दिलेले, ज्याला टियर एक म्हणतात तो. लोक उलटं करतात, वीज बिलांच्या बारकाव्यात सहा महिने घालवतात कारण ती एक्सेलमध्ये तयार मिळतात, आणि जंगलाला शेवटचे पंधरा दिवस. कच्च्या हिशोबाचा उपयोग एवढाच, की कुठल्या चार-पाच गोष्टी मिळून बहुतेक सगळं उत्सर्जन आहे ते दिसतं, मग पुढचा वेळ आणि पैसा फक्त त्यांच्यावर घालायचा, तिथे स्थानिक फॅक्टर काढायचे म्हणजे टियर दोन, जमलं तर तीन. बाकीचं डिफॉल्टवर राहू दे, काही बिघडत नाही. वायू एकत्र करताना कार्बन डायऑक्साइडच्या तुलनेत मिथेन २८ पट आणि नायट्रस ऑक्साइड २६५ पट धरा, पॅरिस कराराच्या रिपोर्टिंगमध्ये हेच शंभर वर्षांचे आकडे चालतात, आणि एकदा धरले की सगळ्या वर्षांना तेच लावा.

डिफॉल्ट फॅक्टर आंधळेपणाने का वापरायचे नाहीत हे उष्ण प्रदेशात फार लवकर कळतं. खताचंच बघा, २००६ च्या तक्त्यात जमिनीत टाकलेल्या नायट्रोजनपैकी १ टक्का नायट्रस ऑक्साइडच्या रूपात निघतो असं सगळ्यांना सरसकट होतं, २०१९ मध्ये दमट हवामानात रासायनिक खतासाठी तो १.६ टक्के केला आणि कोरड्या हवामानासाठी ०.५. म्हणजे त्याच एका पोत्याचा हिशोब पाऊस किती ह्यावर तिपटीने बदलतो. किंवा दुभती गाय घ्या, २००६ च्या डिफॉल्टमध्ये उत्तर अमेरिकेच्या गायीला वर्षाला १२८ किलो मिथेन आणि आफ्रिकेच्या गायीला ४६, कारण खाणं वेगळं, वजन वेगळं, दूध वेगळं. कुठल्या रकान्यातून आकडा उचलला ह्यावरच तुमचं पशुपालनाचं धोरण ठरणार असेल तर आधी पन्नासेक गोठ्यांत जाऊन गुरांची वजनं आणि वैरण बघून या.

आता जंगल. इथे मी जरा थांबणार आहे कारण चुका इथेच सगळ्यात मोठ्या असतात. हिशोब दोन गोष्टींचा गुणाकार आहे, किती हेक्टर बदललं आणि हेक्टरी किती कार्बन होता. पहिल्यासाठी सॅटेलाइट. लँडसॅटची चित्रं १९७२ पासूनची आहेत, सेंटिनेल दोनची दहा मीटरची, दर पाच दिवसांनी, फुकट. पण उष्ण प्रदेशात ढग, पावसाळ्यात तर महिनोन्‌महिने एक स्वच्छ चित्र मिळत नाही, म्हणून रडारची जोड लागते, सेंटिनेल एकचं रडार ढगातून आरपार बघतं. ब्राझीलच्या इन्पे ह्या अंतराळ संशोधन संस्थेचा प्रोडेस हा कार्यक्रम १९८८ पासून दरवर्षी अमेझॉनची तोड मोजतोय, त्यांची शिस्त बघण्यासारखी आहे, एकच व्याख्या, एकच पद्धत, माणसं नजरेने तपासतात, आणि एवढी वर्षं सलग.

नकाशा तयार झाला की लोक काय करतात, पिक्सेल मोजतात आणि तो आकडा लिहून टाकतात. हे करू नका. समजा तुमच्याकडे १० लाख हेक्टर जंगल आहे आणि वर्षाला १ टक्का तुटतं, म्हणजे १० हजार हेक्टर. नकाशा ९५ टक्के अचूक आहे, ऐकायला फार छान वाटतं, पण उरलेले ५ टक्के म्हणजे ५० हजार हेक्टर चुकीच्या रंगात आहेत. जे मोजायचंय त्याच्या पाचपट चूक! त्यात रबराची बाग कोरड्या महिन्यांत पानं झाडते तर सॅटेलाइटला तोड वाटते, आणि जुनी सावलीतली कॉफी किंवा कोको असेल तर वरून ती जंगलच दिसते. उपाय माहीत असलेला आहे: नकाशावर तोड, वाढ, बदल नाही असे गट पाडायचे, प्रत्येक गटात यादृच्छिक ठिपके टाकायचे, दर ठिपक्याची जुनी-नवी हाय रेझोल्यूशन चित्रं दोन वेगळ्या माणसांनी एकमेकांना न विचारता बघायची आणि त्या ठिपक्यांवरून क्षेत्रफळ आणि त्यातल्या चुकीची मर्यादा काढायची. नकाशा फक्त ठिपके कुठे टाकायचे हे सांगायला. काम कंटाळवाणं आहे, डोळे दुखतात, पण आकड्यापुढे अधिक-उणे किती हे छातीठोकपणे लिहिता येतं. जिथे दोन माणसांचं जमत नाही ते ठिपके बाजूला काढून स्थानिक वनरक्षकाला दाखवा, तो पाच मिनिटांत सांगतो ही कुणाची बाग आहे.

हेक्टरी कार्बनसाठी शेवटी जंगलात जावंच लागतं. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, सॅटेलाइटचे लायडार (लेझरने उंची मोजणारे) आणि रडारसुद्धा जमिनीवरच्या मोजणीवरच जुळवलेले असतात. प्लॉट आखायचा, त्यातल्या दहा सेंटिमीटरपेक्षा जाड प्रत्येक झाडाचा व्यास जमिनीपासून १.३ मीटरवर घ्यायचा, उंची घ्यायची, जात ओळखायची म्हणजे लाकडाची घनता कळते, आणि सूत्रात घालायचं. उष्ण प्रदेशासाठी २०१४ मध्ये आलेलं सूत्र बहुतेकजण वापरतात, घनता गुणिले व्यासाचा वर्ग गुणिले उंची, त्याचा ०.९७६ घात, गुणिले ०.०६७३, उत्तर किलोत. साठ सेंटिमीटर व्यासाचं, तीस मीटर उंचीचं, ०.६ घनतेचं झाड घेतलं तर साधारण ३.३ टन कोरडं वजन येतं, त्याच्या ०.४७ पट कार्बन, आणि त्याला ४४ भागिले १२ ने गुणलं की ५.८ टनाच्या आसपास कार्बन डायऑक्साइड, एका झाडाचा.

आता ह्याच झाडाला आधारमुळं असतील, म्हणजे बुंध्याला पंख्यासारखे फाटे, जसे वर्षावनात मोठ्या झाडांना असतातच, आणि नवख्या पोराने टेप सरळ १.३ मीटरवर त्या फाट्यांभोवती गुंडाळली तर व्यास साठऐवजी नव्वद येतो आणि वजन सव्वादोनपट होतं. एका हेक्टरातल्या कार्बनचा मोठा वाटा अशा मोजक्या मोठ्या झाडांतच असतो, म्हणजे पाच-सहा झाडं चुकली की प्लॉट गेला. शिडी लावायची, फाटे जिथे संपतात त्याच्या अर्धा मीटर वर जायचं, वेली टेपच्या आत येत नाहीत ना ते हाताने चाचपायचं, आणि जिथे मोजलं तिथे रंगाची बारीक रेघ मारायची. पावसात शिडी घसरते, मुंग्या अंगावर चढतात आणि खाली उभा असलेला लिहून घेणारा घाई करतो. तरी ते वर चढणं सोडायचं नाही. मी बघितलेल्या एका जुन्या डेटात सगळ्या मोठ्या झाडांचे व्यास ८०, ९०, १०० असे गोल आकडे होते, म्हणजे कुणी चढलंच नव्हतं, खालून अंदाज लिहिले होते, आणि त्यावर त्या प्रांताचा दहा वर्षांचा बेसलाइन, म्हणजे पुढची तुलना ज्याच्याशी करायची तो आकडा, उभा होता. तो सगळा टाकून पुन्हा मोजावं लागलं.

जंगलाच्या खाली बघायला विसरू नका, आणि इथेच ती २०१३ ची पुरवणी लागते. किनाऱ्याकडची दलदल जर पीट असेल, म्हणजे हजारो वर्षं न कुजता साचलेला पालापाचोळा, तर चर खणून तिचं पाणी काढलं की ती हळूहळू कुजत राहते, दरवर्षी, पीट संपेपर्यंत. पुरवणीतला डिफॉल्ट ऑइल पामच्या लागवडीसाठी हेक्टरी वर्षाला ११ टन कार्बन आहे, म्हणजे ४० टन कार्बन डायऑक्साइड. तोड एकदाच होते, ही गळती कायमची. आणि कोरड्या वर्षी ती पेटते, इंडोनेशियात २०१५ मध्ये पेटली तेव्हा महिनोन्‌महिने शेजारच्या देशांपर्यंत धूर होता. खारफुटीचंही तसंच, इंडो-पॅसिफिकमधल्या मोजणीत चिखलासकट हेक्टरी सरासरी हजार टनांच्या वर कार्बन निघाला आणि त्यातला बहुतेक झाडात नाही, मातीत. कोळंबीच्या तळ्यासाठी तो चिखल उकरला की सगळं वर येतं. म्हणून पहिल्याच वर्षी लोखंडी ऑगर, म्हणजे मातीत भोक पाडायचं हत्यार, घेऊन दलदलीत जा आणि पीट किती खोल आहे हे ठिकठिकाणी बघा. सगळ्या इन्व्हेंटरीत हा सगळ्यात स्वस्त दिवस असतो आणि कधीकधी त्या एका दिवसाने सगळा प्लॅन बदलतो.

बाकीचं भराभर सांगतो. भात: सतत पाण्यात उभ्या शेतातून २०१९ च्या डिफॉल्टने हेक्टरी रोज १.१९ किलो मिथेन, शंभर दिवसांचं पीक धरलं तर ३.३ टन कार्बन डायऑक्साइडइतकं, आणि मधेमधे अनेकदा पाणी आटू दिलं तर ते ०.५५ पट होतं. नायट्रस ऑक्साइड थोडा वाढतो पण फायदा मोठा राहतो, फक्त शेतकऱ्याच्या हातात पाणी सोडण्या-बंद करण्याचा ताबा असायला हवा, कालव्याच्या शेवटच्या टोकाला असलेल्याला तो नसतो, त्याला उपदेश करून उपयोग नाही. एसी आणि फ्रीजचा गॅस: ४१० ए ह्या गॅसचा एक किलो गळला तर १.९ टन कार्बन डायऑक्साइडइतका, उष्ण प्रदेशात एसी दरवर्षी वाढतायत आणि हा आकडा इन्व्हेंटरीत बहुतेकवेळा शून्य असतो कारण कुणी मागितलेलाच नसतो. दुरुस्तीवाल्यांकडे जाऊन वर्षाला किती सिलिंडर लागतात विचारा. धरण: उथळ, झाडं न काढता भरलेलं असेल तर खाली कुजून मिथेन निघत राहतो, ब्राझीलच्या बाल्बिना धरणाने २५० मेगावॉटसाठी दोन हजारांहून जास्त चौरस किलोमीटर जंगल बुडवलं, तिथल्या विजेला स्वच्छ म्हणणं अवघड आहे. २०१९ च्या सुधारणेत जलाशयांची पद्धत आहे, ती लावा.

कचऱ्यावर मात्र दोन वाक्यं जास्त. डेपोतला ओला कचरा किती वेगाने कुजतो ह्याचा जो स्थिरांक आहे तो थंड ओल्या प्रदेशात ०.१८५ आणि उष्ण ओल्या प्रदेशात ०.४, म्हणजे उष्ण प्रदेशात निम्मं अन्न पावणेदोन वर्षांत कुजून जातं. थंड देशातल्या सल्लागारांचं डिझाइन जसंच्या तसं आणलं, की डेपो भरून झाकून मग पाइप टाकून गॅस गोळा करू, तर पाइप पडेपर्यंत बराच गॅस गेलेला असतो. इथे ओला कचरा डेपोत जाऊच न देणं हाच उपाय आहे, आणि हिशोबात त्याचा फरक दोन-तीन वर्षांतच दिसतो, इतका लवकर दिसणारा दुसरा उपाय माझ्या माहितीत नाही.

गवताळ प्रदेशातल्या आगींबद्दल लोक गोंधळतात. गवत पुढच्या पावसात पुन्हा उगवतं म्हणून त्याचा कार्बन डायऑक्साइड मोजत नाहीत, फक्त मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड मोजतात. पण तेवढ्यातही काम होतं. उत्तर ऑस्ट्रेलियात आर्नहेम लँडच्या पश्चिम भागात तिथल्या मूळनिवासी लोकांनी २००६ पासून पारंपरिक पद्धतीने कोरड्या ऋतूच्या सुरुवातीलाच, गवत ओलसर असताना, छोट्या छोट्या आगी लावून पट्टे पाडायला सुरुवात केली, म्हणजे उशिराची मोठी भडकलेली आग पसरतच नाही, आणि कमी झालेलं उत्सर्जन मोजून त्याचे पैसे त्यांना मिळतात. पिढ्यान्‌पिढ्यांचं ज्ञान आणि इन्व्हेंटरीचं सूत्र एकत्र बसलेलं बघायला मिळतं, मला ह्या कामातलं सगळ्यात आवडतं उदाहरण हे आहे.

हे सगळं खालून वर जोडलेलं झालं, वरून तपासता येतं का? थोडंफार. अमेझॉनवर इन्पेच्या शास्त्रज्ञांनी २०१० ते २०१८ छोट्या विमानातून साडेचार किलोमीटर उंचीपासून खाली गिरक्या घेत बाटल्यांत हवा भरली आणि त्यावरून दाखवलं की आग्नेय अमेझॉन आता कार्बन घेण्यापेक्षा सोडतोय. प्रांताला विमान परवडणार नाही, पण ह्यातून शिकायचं ते असं, की कोरडी वर्षं सगळं उलटं करतात. २०१५-१६ च्या एल निन्योत उष्ण प्रदेशातल्या जमिनीने जास्तीचा कार्बन सोडला, तो सॅटेलाइटला दिसला. तुमचा बेसलाइन जर अशा एका वाईट वर्षाचा असेल तर पुढचं कुठलंही वर्ष प्रगतीच दिसेल. म्हणून निदान पाच, शक्य तर दहा वर्षांची सरासरी घ्या.

आता न्यूट्रलचा मुद्दा. पॅरिस कराराच्या चौथ्या कलमात शतकाच्या दुसऱ्या अर्ध्यात माणसाचं उत्सर्जन आणि शोषण ह्यांचा समतोल असं म्हटलंय. प्रांतासाठी मी क्रम असा धरतो: आधी तोड आणि दलदलीची गळती थांबवणं, मग मिथेन, बरोबरीने वीज आणि वाहतूक, आणि शोषण सगळ्यात शेवटी उरलेल्यासाठी. का ते आकड्यात बघा. २००६ च्या डिफॉल्टने अमेरिका खंडातल्या वर्षावनात हेक्टरी ३०० टन वजन, त्यात मुळांचे ३७ टक्के घाला, कार्बन काढा, तर एक हेक्टर तुटलं की ७०० टनांच्या वर कार्बन डायऑक्साइड. दुसरीकडे पडीक जमिनीवर आपोआप उगवणारं जंगल, दक्षिण आणि मध्य अमेरिकेतल्या मोजणीत, पहिली वीस वर्षं हेक्टरी सरासरी ३ टन कार्बन घेतं, म्हणजे ११ टन कार्बन डायऑक्साइड, आणि जुन्या जंगलाच्या ९० टक्के वजनापर्यंत पोचायला साधारण ६६ वर्षं लागतात. एका आठवड्यात पाडलेलं भरायला दोन पिढ्या. आणि एक हेक्टर पीटमधले चर बुजवून पाणी परत वर आणलं की जे वाचतं ते साडेतीन हेक्टर नवीन जंगलाइतकं. तरी प्रत्येक प्लॅनमध्ये पहिलं पान वृक्षारोपणाचंच असतं, ते बघून खरंच वाईट वाटतं, रांजणाला भोक ठेवून पाणी ओतण्यासारखं आहे ते.

तोड थांबवता येते का, तर येते. ब्राझीलच्या अमेझॉनमध्ये २००४ ला २७,७७२ चौरस किलोमीटर तोड झाली आणि २०१२ ला ४,५७१. काय केलं, डेटर नावाची सॅटेलाइटची लवकर इशारा देणारी यंत्रणा आणि त्यावर लगेच निघणारी पथकं, नवी राखीव क्षेत्रं, तोडलेल्या जमिनीवरच्या सोयाबीनवर व्यापाऱ्यांची बंदी, नियम मोडणाऱ्यांचं कर्ज बंद. आणि पकड सैल झाली तेव्हा २०२१ ला पुन्हा १३,०३८. म्हणजे न्यूट्रल होणं हे एकदा मिळवून भिंतीवर लावायचं सर्टिफिकेट होऊ शकत नाही, जमिनीच्या बाबतीत तर मुळीच नाही. कोस्टारिका बघा, १९९६ च्या कायद्याने इंधनावरच्या कराचा वाटा जंगल राखणाऱ्या जमीनमालकांना द्यायला लागले, जंगल पाव भागावरून निम्म्याहून जास्त जमिनीवर परत आलं, वीज जवळपास सगळी अक्षय स्रोतांची, आणि २००७ ला त्यांनी २०२१ पर्यंत कार्बन न्यूट्रल होण्याचं जाहीर केलं होतं. झालं नाही, कारण गाड्या पेट्रोल-डिझेलवरच राहिल्या. मग २०१९ च्या प्लॅनमध्ये २०५० असं ठेवलं आणि वाहतूक पुढे आणली. मला हे प्रामाणिक वाटतं, आकडा ओढूनताणून जुळवण्यापेक्षा तारीख पुढे नेणं बरं.

आणि क्रेडिट्स. प्रांताने जंगल राखल्याचे कार्बन क्रेडिट, म्हणजे वाचवलेल्या किंवा शोषलेल्या टनांचे दाखले, बाहेर विकले तर ते शोषण पुन्हा स्वतःच्या न्यूट्रलच्या हिशोबात धरता येत नाही, विकलेलं घर स्वतःच्या नावावर दाखवता येत नाही तसं. हे तुमच्या अर्थखात्याला पहिल्या दिवशी लेखी कळवा, कारण क्रेडिट विकणारे एका मजल्यावर आणि न्यूट्रल जाहीर करणारे दुसऱ्या मजल्यावर असं मी एकाहून जास्त ठिकाणी बघितलंय.

अचूकतेचं राहिलं. जमिनीचा आकडा अधिक-उणे तीस-चाळीस टक्के आला तरी घाबरू नका, उष्ण प्रदेशात पहिल्या फेरीला तेवढा येतोच, फक्त तो लपवू नका आणि शोषणाच्या बाजूला दावा करताना नेहमी खालचा आकडा धरा. सुधारणा येते ती त्याच प्लॉटवर पुन्हा जाण्याने, म्हणून प्लॉट कायमचे आखा, कोपऱ्यांना लोखंडी पाइप गाडा, झाडांना ॲल्युमिनियमचे नंबर लावा. आणि तो नंबर लावायचा खिळा मोजणीच्या रेघेवर कधीच ठोकू नका, तीसेक सेंटिमीटर वर ठोका आणि पूर्ण आत न घालता थोडा बाहेर ठेवा, कारण खिळ्याभोवती खोड फुगतं, आणि पाच वर्षांनी तुमच्या जागी येणारा माणूस तीच सूज वाढ म्हणून मोजून जाईल.